बाजार लांब, परस जवळ



आषाढ-श्रावणात डहाणू-तलासरीचे रान पाहिले, तर इथे कोणाला अन्नाची वाण पडत असेल असे वाटत नाही. खाचरांत भात हिरवागार उभा असतो, वरकस उतारावर नागली-वरईची रोपे धरलेली असतात, ओढे दुथडी वाहतात. पण घरच्या बाईला विचाराल तर हेच दोन महिने तिला सर्वांत जड जातात. गेल्या सुगीचा भात कणग्याच्या तळाशी गेलेला असतो. नवा भात अजून दाण्यात आलेला नसतो. आवणी आटोपली की मजुरीही मंदावते. अशा दिवसांत ताटात भात पडतो, त्यावर मिरचीची चटणी आणि असेलच तर सुकटीचा रस्सा. डाळ आठवड्यातून कितीदा पडते, हिरवी भाजी कितीदा, अंडे कितीदा, हे मोजायला गेले तर हाताची बोटेही पुरून उरतात.

आज थोडी सवड काढून एक हिशेब करा. तुमच्या उंबऱ्यापासून तूरडाळ किती लांब आहे? ताजी भाजी किती लांब आहे? दूध, अंडी, गोडेतेल किती लांब आहे? आणि बिस्किटाचा पुडा किती लांब आहे? डहाणू तालुक्यातील रानशेत असो, तलासरीचा एखादा डोंगरपाडा असो, किंवा तुमचे स्वतःचे गाव असो, बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येईल. बिस्किटाचा पुडा हाकेच्या अंतरावर आणि डाळ बाजाराच्या गावी!

अन्नाचे वाळवंट

परदेशांत याला एक नाव पडले आहे. तिथे अशा भागाला ‘अन्नाचे वाळवंट’ म्हणतात. हा शब्द १९९०च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये वापरात आला. सरकारने बांधलेल्या स्वस्त घरांच्या वस्त्यांजवळ भाजी-फळांची धड दुकाने नव्हती, त्यावरून तो निघाला. पुढे अमेरिकेने त्याचे माप ठरवले. खेड्यात राहणाऱ्या माणसापासून मोठे किराणा दुकान दहा मैलांहून, म्हणजे सुमारे सोळा किलोमीटरहून लांब असेल, तर त्याला किराणा दूर आहे असे तिथे धरतात. गंमत अशी की यातली कित्येक गावे मैलोन्‌मैल पसरलेल्या मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये आहेत. शेत डोळ्यांपुढे, पण ते पीक सगळे विकण्याचे. घरची भाजी मात्र मोटार काढून शहरातून आणायची.

आपल्याकडे मोटार नाही, म्हणून आपले माप वेगळे. डोक्यावर ओझे आणि कडेवर मूल घेऊन बाई जेवढे चालू शकते, तेवढेच आपले अंतर. पावसात मधला ओढा भरला, तर दोन किलोमीटरचे सोळा होतात. म्हणून इथला डोंगर हिरवा असला, तरी ताटापुरते वाळवंट आपल्याकडेही आहे.

रानशेतच्या वाटेवर

डहाणूहून चारोटीकडे जाताना रानशेत लागते. एका अंगाला डहाणूची बाजारपेठ आणि रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला चारोटी नाका आणि कासा. नकाशावर पाहिले तर गाव काही आडरानात नाही. मुंबई जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर. चारोटीवरून आणि तलासरीवरून जाणाऱ्या अहमदाबाद महामार्गावर दूध, भाजीपाला, फळे यांच्या गाड्या रात्रंदिवस मुंबईकडे धावतात. पश्चिमेला घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत चिकू पिकतो. डहाणू-घोलवडच्या या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तो दूरदूरच्या बाजारांत जातो.

अन्न आपल्या अंगावरून जाते, पण आपल्यापाशी थांबत नाही. असे का होते? आपल्या भागातील गाव म्हणजे एका ठिकाणी जमलेली वस्ती नव्हे. एकेका महसुली गावाचे अनेक पाडे, ते टेकडीआड, ओढ्यापलीकडे, शेतांच्या कडेने विखुरलेले. रेशनचे दुकान असते ते एका पाड्यावर. एस.टी. थांबते ती मुख्य रस्त्यावर. आठवड्याचा बाजार भरतो तो मोठ्या गावी. पाड्याच्या तोंडाशी असते ती एखादी टपरी. तिच्यात वेफरच्या पुड्या, गोड बिस्किटे, तंबाखू, साबण, पाच-दहा रुपयांच्या तेलाच्या पिशव्या.

त्या टपरीवाल्याला दोष देऊ नका. बिस्किटाला महिनोन्‌महिने काही होत नाही, आणि कंपनीचा माणूस ते दारात आणून देतो. मेथीची जुडी संध्याकाळी सुकते, केळे तिसऱ्या दिवशी काळे पडते. वीस-पंचवीस उंबऱ्यांच्या पाड्यावर रोजची गिऱ्हाइकी किती होणार? नासणारा माल ठेवला तर नुकसान त्याचेच. म्हणून टिकणारा माल दारात येतो आणि अंगी लागणारा माल बाजारात राहतो.

बाजारवारीची खरी किंमत

बाजारात डाळ काय भावाने मिळते ते आपण लक्षात ठेवतो. तिथे जाण्याला काय पडते ते मात्र विसरतो. एक उदाहरण घ्या. समजा, जीपचे जाऊन-येऊन ६० रुपये झाले. त्या दिवसाची मजुरी बुडाली ती ३०० रुपये धरा. आणि हातात खरेदीला ५०० रुपये आहेत. म्हणजे ५०० रुपयांचा माल घरात आला, तो ८६० रुपयांना पडला. आकडे तुमच्या गावाप्रमाणे कमी-जास्त करा, पण बुडालेली मजुरी धरायला विसरू नका. जेवढी खरेदी लहान, तेवढा हा वरखर्च अंगावर येतो. गरिबाला माल महाग पडतो तो असा.

त्यामुळे बाई बाजाराला जाताना मनाशी काटछाट करते. मीठ-मिरची सुटत नाही, तेल थोडे, साबण हवाच. उरले तर डाळ. भाजी तर आठवडाभर टिकत नाही, म्हणून एक-दोन दिवसांपुरतीच. उरलेले पाच दिवस भातावर.

रेशनने काय भागते, काय भागत नाही

आता रेशनचा हिशेब पाहू. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा. त्याप्रमाणे अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते, घरात माणसे कितीही असोत. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. पूर्वी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट मिळते, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे ते तसेच देण्याचे केंद्र सरकारने ठरवले आहे.

ही मोठी गोष्ट आहे. उपाशीपोटी झोपण्याची पाळी ज्यांनी पाहिली, त्यांनाच तिचे मोल कळेल. पण या धान्यात नियमाने येतात ते तांदूळ आणि गहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने माणसाच्या दिवसाच्या आहाराचा जो नमुना दिला आहे, त्यात धान्य २५० ग्रॅम आणि डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम आहेत. शिवाय भाजीपाला, फळ, दूध आणि थोडे तेल आहेच. पाच माणसांचे घर धरले तर त्या मापाने महिन्याला सुमारे पावणेतेरा किलो डाळ-कडधान्य लागेल. पोरे लहान म्हणून कमी धरले, तरी आठ-दहा किलो कुठे गेले नाही. २०२२ सालच्या दिवाळीत राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ म्हणून १०० रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि तेल दिले, तेव्हा त्याचे केवढे अप्रूप वाटले! पण सण वर्षाचा, आणि भूक रोजची.

पोट भरते, पण अंग भरत नाही, याचे कारण इथे आहे. पोर भाताच्या ताटावर बसते, ढेकर देते आणि तरी दंड बारीक राहतो. अंगणवाडीच्या ताईने दंडाला पट्टी लावली की ती लाल दाखवते, आणि आई म्हणते, “खातो तर पोटभर!” ती खोटे बोलत नसते.

जुनी गोष्ट, नवा धडा

आपल्या भागाला हे काही नवे नाही. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराकडून ‘खावटी’ आणायची आणि सुगीला दीडपटीने, कधी दुपटीने फेडायची, हा इथला जुना जाच. खावटीपायी माणसे वेठीला आणि लग्नगडी म्हणून बांधली गेली. १९४५ साली तलासरीजवळच्या झरीपासून वारली बांधवांनी वेठीविरुद्ध जो लढा उभारला, त्याच्या मुळाशी ही खावटीही होती. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो इतिहास लिहून ठेवला आहे. पुढे १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत सरकारी खावटी कर्ज सुरू झाले. करोनाच्या काळात, २०२० साली, सरकारने कुटुंबामागे ४,००० रुपयांचे खावटी अनुदान मंजूर केले. त्यातले निम्मे रोख आणि निम्म्याचे कडधान्य, डाळ, तेल, साखर असे सामान होते. सामान काय द्यावे हे ठरवताना नेमकी डाळ आणि तेलच निवडावे लागले, यावरून उणीव कशाची आहे ते सरकारलाही ठाऊक होते असे दिसते.

दुसरी आठवण अधिक दुःखाची. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने लहान मुले दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. जिल्हा नवा झाला, पण २०१६ साली पुन्हा इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्याच. म्हणून हा विषय नुसता किराण्याच्या दुकानाचा नाही. लेकरांच्या जिवाचा आहे.

यातून एक धडा घ्यायचा. टंचाई येते ती दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत येते. जी येणार हे माहीत आहे, तिची तयारी आधी करता येते. ती कशी, ते आता पाहू.

पहिले काम : हक्काचे धान्य पुरते घ्या

मिळते ते धान्य पुरते पदरात पडते की नाही, हे आधी पाहा. कार्डावर घरातल्या सगळ्या माणसांची नावे आहेत का? नवी सून, नवे मूल यांची नावे चढली आहेत का? प्रत्येकाची आधार पडताळणी, जिला ई-केवायसी म्हणतात, ती झाली आहे का? यंत्रावर अंगठा लावल्यावर पावती मागून घ्या आणि पावतीवरचे किलो व पोत्यातले किलो ताडून पाहा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला बरोबर न्या. तक्रार असेल तर तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत लेखी द्या, किंवा १९६७ या क्रमांकावर फोन करा.

दिवाळीनंतर जी कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की आता कार्ड एका दुकानाला बांधलेले नाही. भट्टीजवळच्या रेशन दुकानातही अंगठा लावून धान्य उचलता येते. गावी म्हातारी माणसे मागे राहिली असतील, तर काही धान्य तिथे आणि काही इथे असेही घेता येते. भट्टीवर पोरे चार-पाच महिने मालकाच्या उधारीच्या दुकानावर जगतात. त्या काळात हे धान्य सोडून देऊ नका.

गरोदर आणि बाळंतीण बायांनी अंगणवाडीतले गरम जेवण सोडू नये. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आदिवासी भागासाठी २०१५ साली सुरू झाली. तिच्यात या बायांना एक वेळचे चौरस जेवण आणि पुढे लहान मुलांना अंडे किंवा केळे देण्याची सोय झाली. आवणीच्या दिवसांत बाईला अंगणवाडीत जायला वेळ होत नाही, हे खरे. अशा वेळी सासूने किंवा नवऱ्याने तिला तेवढा तास मोकळा करून द्यावा. एक वाफा उद्या लावला तर बिघडत नाही.

दुसरे काम : दहा घरांची एक पिशवी

मघाचा हिशेब आठवा. एका घराची बाजारवारी ३६० रुपयांची. आता पाड्यावरच्या दहा घरांनी मिळून दोघींना बाजाराला पाठवले, तर दोघींचे भाडे आणि मजुरी मिळून ७२० रुपये. घरटी ७२ रुपये पडले. प्रत्येक घराचे २८८ रुपये वाचले, आणि आठ घरच्या बायांचा दिवस वाचला. शिवाय दहा घरांची डाळ एकदम घेतली तर भाव करता येतो. पावशेर डाळ घेणाऱ्याचे कोण ऐकतो? पण अर्धे पोते घेणाऱ्याला दुकानदार बसायला पाट देतो.

पाड्यावर बायकांचा बचतगट असेल तर हे काम त्याच्याकडेच द्यावे. महिन्यातून एकदा तूर, मसूर, चवळी, गोडेतेल, गूळ, शेंगदाणे अशा पाच-सहा टिकणाऱ्या जिनसा आणाव्यात. आधी घरोघरची मागणी वहीत लिहावी, पैसे आधी गोळा करावेत, वजन सगळ्यांसमोर करावे आणि बिल वहीला टाचून ठेवावे. उधारी मुळीच ठेवू नये. गावोगावचे असे उद्योग उधारीने बुडतात, आणि मग माणसे एकमेकांची तोंडे पाहीनाशी होतात. जमले तर पुढे गटाने पाड्यावरच एका पेटीत या जिनसा ठेवून विकाव्यात. म्हणजे टपरीत जे मिळत नाही, ते पेटीत मिळेल.

मे महिन्यात एक खरेदी जास्तीची करा. डहाणू-धाकटी डहाणू-वरोरच्या किनाऱ्यावरून येणारी सुकट, सुके बोंबील उन्हाळ्यात घेऊन, पुन्हा कडक ऊन देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. जून-जुलैत समुद्रावरची मासेमारी बंद असते, बाजाराच्या वाटाही अडतात. तेव्हा ही मूठभर सुकट भाताला जोर देते. आपल्या आजीला हे ठाऊक होते.

तिसरे काम : परसातले दुकान

सर्वांत जवळचे दुकान म्हणजे घरामागचा परस. ते कधी बंद नसते, तिथे उधारी नाही आणि भाडेही नाही. अर्धा गुंठा जागा पुरे. गोल आखून तिचे सात वाफे करावेत, म्हणजे आठवड्याच्या एकेका दिवसाला एकेक वाफा तोडणीला येतो. आपल्याकडे पाऊस मुसळधार, म्हणून पावसाळ्यात वाफे वीतभर उंच करावेत, नाहीतर मुळे कुजतात.

पावसाळ्यात मांडवावर दोडका, कारली, दुधी, काकडी चढवावीत. खाली भेंडी, गवार, चवळी आणि माठ लावावा. हिवाळ्यात वांगी, टोमॅटो, मिरची, मुळा, मेथी, पालक. मोरीच्या पाण्यावर अळू, केळ आणि पपई. कुंपणाला शेवगा. शेवग्याच्या शेंगा आपण विकतो. त्याचा पाला मात्र घरात ठेवा. भाजी करा, वाळवून भुकटी करा, पिठात मिसळा. घरातली गरोदर बाई आणि वाढते पोर यांच्यासाठी एवढा स्वस्त आणि कसदार पाला दुसरा मिळणार नाही.

उन्हाळ्यात अडचण येते ती पाण्याची. हंडा डोक्यावरून आणायचा तर तो भाजीला कसा घालावा, हे म्हणणे रास्त आहे. म्हणून उन्हाळ्यात सातही वाफे हिरवे ठेवण्याचा हट्ट धरू नका. भांड्यांचे आणि अंघोळीचे पाणी जेवढे असेल, त्यावर अळू, पपई, केळ आणि शेवगा एवढे जगले तरी पुष्कळ झाले. बाकी वाफ्यांचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवा. शेळ्या सोडण्याच्या आधी काट्याचे कुंपण दुरुस्त करा. एका दुपारी एक शेळी सात वाफे फस्त करते.

चार गावठी कोंबड्या पाळत असाल तर दोन गोष्टी करा. त्यांना मानमोडीची लस जनावरांच्या दवाखान्यातून टोचून घ्या, आणि अंडी सगळी विकू नका. आठवड्याला घरच्या प्रत्येक पोराला दोन अंडी, असा नियम करा आणि उरलेली विका. वाफे, बियाणे, कोंबड्या यांविषयी काही विचारायचे असेल, तर डहाणू तालुक्यातच कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे जाऊन विचारण्यात संकोच कसला?

शेत आणि रान विसरू नका

परसाबाहेर तुमचे शेत आहे. भाताच्या बांधावर तूर टोकता येते. भात कापल्यावर ओल असेल तिथे वाल आणि हरभरा येतो. वरकस जमिनीवर उडीद, नागली, वरई ही आपली जुनी पिके. नागलीला हलके धान्य समजून आपण मागे टाकले. पण १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना असतो, तांदळाच्या तीसपट तरी! पोराच्या हाडांना आणि बाळंतिणीच्या दुधाला तोच लागतो. सहा महिन्यांवरच्या बाळाला नागलीच्या सत्त्वाची पेज करून तीत चमचाभर तेल किंवा तूप घाला. बिस्किट दुधात कालवण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

आणि रान! पावसाच्या तोंडाला शेवळी, मग टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोली, बांबूचे कोवळे कोंब. हा बाजार तर फुकटचा. पण त्याची विद्या म्हाताऱ्या बायांकडे आहे. शेवळी शिजवताना काकडाची फळे का घालतात, कडूकंद किती वेळ वाहत्या पाण्यात ठेवायचा, कोणती अळंबी हातात धरायची नाही, हे त्या सांगू शकतात. पोरींना त्यांच्याबरोबर रानात पाठवा. न ओळखणारा पाला आणि अळंबी कधीही घरी आणू नका. हल्ली या रानभाज्या शहरात चांगल्या भावाने जातात. विका, जरूर विका. पण पहिली जुडी घरच्या पातेल्यात पडू द्या.

ताट कोणाचे?

बंधूंनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. घरात डाळ शिजली तर ती आधी कोणाच्या ताटात पडते? आधी कर्ता पुरुष, मग मुलगे, मग मुली, आणि खरवड उरली तर शिजवणारी. भाजीचे अंतर कमी करून ती घरात आणली, तरी चुलीपासून बाईच्या ताटापर्यंतचे चार हाताचे अंतर राहतेच. ते तोडायला ना जीप लागते, ना पैसा. सगळ्यांनी एका वेळी जेवायला बसावे आणि वाढप सारखे करावे, एवढेच.

ग्रामसभेचे काम

परसबागेने सगळे होईल असे मात्र कोणी समजू नये. ओढ्यावरचा साकव बचतगट बांधू शकत नाही. रेशनचे धान्य वेळेवर आणणे, पावसाळ्याआधी ते पाड्याजवळ पोचवणे, रेशनवर डाळ आणि तेल देणे, ही सरकारची कामे आहेत आणि ती मागितली पाहिजेत. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. कोणत्या पाड्याला रेशन दुकान किती लांब, पावसात कोणती वाट तुटते, अंगणवाडीत जेवण किती दिवस मिळाले, हे सारे इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते. लिहिलेले गाऱ्हाणे कचेरीला वाचावे लागते.

याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी एक वाट दाखवली आहे. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम १९५७ मध्ये कोसबाडला आले. आदिवासी पोरे शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी पोरांना दोष दिला नाही. शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच रूढ झाला. डाळ-भाजीच्या बाबतीतही हाच विचार सरकारने आणि आपण करायला हवा. बाई बाजारापर्यंत पोचत नसेल, तर बाजाराने अंगणापर्यंत यायला हवे.

तोवर आपल्या हातातले एक काम सांगून थांबतो. यंदा सुगीला भात झोडून झाला, की व्यापाऱ्याची गाडी येण्याआधी घरातली सगळी माणसे खळ्यावर बसा. आषाढ ते भाद्रपद घराला किती भात लागेल ते मोजा आणि तेवढा आधी कणग्यात भरा. मार्गशीर्षात विकलेला भात आषाढात दीड भावाने विकत घेण्यासारखा तोट्याचा धंदा नाही. विकलेल्या भाताच्या पैशांतून पहिली खरेदी डाळीची करा. आणि घरातल्या बाईला विचारून करा, कारण कणग्याचा तळ पहिल्यांदा तिलाच दिसतो.